चौसष्ट ठिपक्यांचा हिशेब

या पुस्तिकेच्या वाचकांत शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावरची मुले आहेत, तसे त्यांचे पालकही आहेत. दोघांकडूनही अलीकडे मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : अभियांत्रिकीची पदवी पदरात पडल्यावर आणखी चार-पाच वर्षे पीएच.डी.साठी घालवायची ती कोणाच्या जिवावर? प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मी आयुष्यभर मराठी शिकविले; अभियांत्रिकी हा माझा प्रांत नव्हे. पण त्या शास्त्राच्या एका शाखेचे नावच ‘प्रतिमासंस्करण’ आहे, आणि काव्यातील प्रतिमांवर वर्षानुवर्षे बोललेल्या माणसाला त्या शब्दाने ओढून न्यावे, यात नवल नाही.

त्या शाखेतील एक हकीकत सांगतो. नासिर अहमद हे १९४० साली बंगळुरात जन्मलेले गृहस्थ. ज्या विश्वेश्वरय्यांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे, त्यांनीच स्थापन केलेल्या बंगळुरूच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९६१ साली पदवीधर झाले. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९६६ साली मिळाली आणि पुढे ते कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापक झाले. चित्रे थोड्या जागेत साठविण्याची एक गणिती युक्ती त्यांना सुचली होती. १९७२ साली त्यांनी तिच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी दिसते, असा एका परीक्षकाचा अभिप्राय असल्याचे अहमद यांनीच १९९१ साली लिहून ठेवले आहे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अमेरिकी विद्यापीठांत प्राध्यापकाचे वेतन बहुधा नऊ महिन्यांचे असते. उन्हाळ्याचे पैसे संशोधन-प्रकल्पातून काढायचे असतात. विद्यार्थ्याची फी आणि दरमहाचा खर्चही पुष्कळदा त्याच प्रकल्पातून चालतो. अनुदान नाकारले जाणे म्हणजे नुसता कागद परत येणे नव्हे. तरीही अहमद यांनी १९७३ चा उन्हाळा बिनपगारी या कामाला दिला. त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघी चार पाने!

युक्ती अशी. छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. आजच्या फोनवरील एक कोटी वीस लाख ठिपक्यांच्या चित्रात प्रत्येक ठिपक्यामागे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले, तर तीन कोटी साठ लाख आकडे होतात. परंतु शेजारचे ठिपके बहुधा एकमेकांसारखेच असतात. आकाशाचा तुकडा घ्या, नाही तर आपल्या शाळेच्या भिंतीचा. म्हणून चित्राचे आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे, तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा चौसष्ट ठराविक नमुन्यांच्या बेरजेतून उभा करता येतो : पहिला नमुना सपाट, पुढचे उत्तरोत्तर बारीक पट्ट्यांचे. कोणता नमुना किती प्रमाणात घ्यायचा, हे सांगणारे चौसष्ट नवे आकडे मिळतात. यात बचत कोठे झाली, असे कोणी विचारील. सगळे वजन पहिल्या थोड्या आकड्यांत गोळा होते आणि उरलेले शून्याच्या आसपास असतात, ही ती बचत. त्यांना सरळ शून्य मानले तरी डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते.

पट्ट्यांत तोडण्याची फूरिएची रीत जुनीच होती. मात्र तिच्यात तुकड्याचा उजवा काठ पुन्हा डाव्या काठाला जोडला जातो आणि सांध्यावर खोटी उडी पडते. कोसाइनच्या रीतीत तुकड्याशेजारी त्याचे आरशातले प्रतिबिंब बसते. सांधा आपोआप जुळतो. याहून सरस अशी एक पद्धत ठाऊक होती, पण तिचे नमुने प्रत्येक प्रकारच्या चित्रांसाठी नव्याने काढावे लागत. ही रीत नमुने कायम ठेवून तिच्या अगदी जवळ पोचली. १९९२ साली ठरलेल्या ‘जेपेग’ या मानकाचा पाया हीच रीत आहे, आणि चलच्चित्रांच्या मानकांतही ती आली.

मराठीच्या माणसाला मात्र एक काळजी वाटते. अक्षराचा काठ म्हणजे अचानक बदल, आणि तेथे बारीक पट्ट्यांचेच आकडे महत्त्वाचे असतात. ते फार कापले, तर अक्षराभोवती करड्या ठिपक्यांची धूळ उमटते. जुन्या पोथीत अनुस्वार कोणता आणि शाईचा शिंतोडा कोणता, यावर पाठनिर्णय अडलेला असतो. म्हणून पोथ्यांची मूळ चित्रे काहीही न गाळणाऱ्या प्रकारात जपावीत, असा माझा आग्रह असतो. मोडी लिपी यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्न आपल्याकडे चालू आहेत. मराठी आणि अभियांत्रिकी दोन्ही जाणणाऱ्या मुलांना तेथे भरपूर काम आहे.

आता पैशाचे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ टप्प्यात ४२,०००. २०१८ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिली दोन वर्षे दरमहा ७०,००० रुपये ठेवले गेले, परंतु तिची निवड कठीण. याखेरीज प्रकल्पावरील नेमणुका असतात. त्या प्रकल्पाबरोबर संपतात, प्रबंध पुरा होवो वा न होवो. रक्कम वेळेवर येत नाही, ही तक्रारही मी विद्यार्थ्यांकडून अनेकदा ऐकली आहे. तेव्हा नोंदणीपूर्वी मार्गदर्शकाला स्पष्ट विचारावे : पैसे अधिछात्रवृत्तीचे की प्रकल्पाचे, किती वर्षांचे, आणि मध्येच थांबले तर विभाग काय करतो? त्याच मार्गदर्शकाकडे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या मुलालाही हेच विचारावे. दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.