फाकडा एकच, बाकीचे घाटाखाली

वडगाव मावळात इष्टुर फाकड्याचं स्मारक आहे. इष्टुर म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तो मारला गेला. मराठी फौजेचा अंदाज घ्यायला झाडावर चढला आणि तोफेचा गोळा लागला, असं सांगतात. कोन्हेरराव एकबोटे, मानाजी शिंदे ज्या पंगतीत बसले, त्याच पंगतीत मराठ्यांनी या टोपीकराला ‘फाकडा’ म्हणून पाट मांडला. मात्र त्याच फौजेतल्या घाबरटांकडे मराठीत कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि खरी गंमत तर त्यांच्याकडेच आहे!

इंग्रजीत असल्या माणसाला बारा पुस्तकं मिळाली. ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ या १८५७ च्या कादंबरीत दारू पिऊन शाळेतून हाकललेला फ्लॅशमन नावाचा एक दांडगट पोरगा आहे. जॉर्ज मॅकडोनल्ड फ्रेझरने १९६९ मध्ये त्यालाच लष्करात धाडलं. हा मिशाळ गडी लढाई दिसली की पाय लावून पळतो, पण प्रत्येक वेळी छातीवर पदक घेऊनच परततो. पहिल्याच पुस्तकात शत्रूला शरण जाताना निशाण देऊन टाकू पाहतो आणि बेशुद्ध सापडतो तो निशाण कवटाळलेला, झाला हिरो. म्हातारपणी मात्र आपल्या कागदांत सारं खरं लिहून ठेवतो. फ्रेझरने तळटीपा इतक्या चोख दिल्या, की काही अमेरिकी समीक्षकांना ते कागद अस्सलच वाटले.

त्या पुस्तकातला खरा नमुना म्हणजे १८४२ च्या काबूल माघारीचा सेनापती, संधिवाताने जायबंदी झालेला जनरल एल्फिन्स्टन. आपल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा हा चुलतभाऊ. पण काबूलच्या त्रेसष्ट वर्षं आधी मावळात याची रंगीत तालीम होऊन गेली होती.

राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईकरांची सुमारे ३,९०० माणसांची फौज निघाली. सामानाला १९,००० बैल! हुकूम एकाचा नाही, तिघांच्या कमिटीचा: कार्नॅक, कर्नल एगर्टन आणि मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि वारला. एगर्टनही आजारी, त्याने सूत्रं कॉकबर्नकडे दिली. डिसेंबर १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढलेली ही वरात तळेगावला पोचली ९ जानेवारीला. आज लोणावळा लोकल हे अंतर पाऊण तासाच्या आत कापते.

तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून ओसाड केलं होतं. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आसपास घिरट्या घालत होते. पुणं उरलं होतं अठरा-वीस मैल. राघोबादादा थोडं थांबा म्हणून विनवत होते. पण ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या गेल्या, रसद पेटवली गेली आणि फौज गुपचूप मागे फिरली. बैलांच्या तांड्यासकट गुपचूप! अर्थात मराठे लगेच पाठीवर आले. पिछाडी राखली ती कॅप्टन हार्टलीने, आणि निकराने. तो घाबरला नाही म्हणून आपल्या कामाचा नाही.

वडगावला फौज कोंडली गेली. माघार निभावता येईल असं हार्टली म्हणत होता. कॉकबर्नच्या मते ते अशक्य होतं. वाटाघाटी सुरू झाल्यावर साहेब म्हणाले, तह करायचा आम्हाला अधिकारच नाही. मग तह केला. १७७३ पासून जिंकलेलं सगळं, साष्टीसकट, परत द्यायचं ठरलं. महादजींना भडोच आणि त्यांच्या चाकरांना ४१,००० रुपये बक्षीस. बंगालहून येणाऱ्या मदतीच्या फौजेला परत फिरण्याचा हुकूमही धाडला.

मग घाट उतरले. पायाखाली कोकण लागताच साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर तो हुकूम फिरवला. फ्लॅशमनला याहून वेगळं काही सुचलं नसतं.

कंपनीने पुढे कार्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढलं. फ्लॅशमनचं नशीब त्यांच्याकडे नव्हतं. पण त्या फौजेत एखादा मिशाळ कप्तान होता आणि म्हाताऱ्या वयात त्याने सारं खरंखरं लिहून ठेवलं, एवढी एकच थाप मारायचा अवकाश; बाकी कथानक तयार आहे. कुणी मराठी कादंबरीकार मनावर घेणार असेल, तर त्याने सुरुवात स्मारकापासून करू नये. तळेगावच्या तळ्यापासून करावी.