रिकाम्या बॅरलमधला धोका

खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले आहेत. माण-खटावमधली अनेक कुटुंबे मुंबईत स्थिरावली आहेत. त्यांची गावाकडची घरे वर्षभर कुलूपबंद असतात आणि यात्रेला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत उघडतात. साफसफाई सुरू झाली की गोठ्यात एखादे गंजलेले बॅरल सापडते. विहिरीवर डिझेल इंजिन होते, त्या काळातले. शेजारी रॉकेलचा जुना कॅन. वीजपंप आले, गॅस आला, इंजिन भंगारात गेले. बॅरल मात्र तिथेच राहिले.

'रिकामेच तर आहे,' म्हणून ते पाण्यासाठी अर्धे कापून घ्यायचे ठरते आणि गॅस कटरवाल्याला बोलावले जाते. खरा धोका इथे असतो. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामे बॅरल अधिक घातक. आतल्या पत्र्याला चिकटलेला तेलाचा थर कटरच्या उष्णतेने वाफ होतो, ती वाफ आतल्या हवेत मिसळते आणि एका ठिणगीने झाकण उडते. काडी लावून सहज न पेटणारे डिझेलही अशा वेळी स्फोट घडवते. बॅरल नुसते विसळल्याने हा धोका जात नाही. म्हणून ते घरी कापू नये, तापवू नये. जमिनीतली जुनी टाकी असेल तर साफ करायला आत उतरू नये; तिथे प्राणवायू कमी असू शकतो.

दुसरा धोका लहान मुलांना. कॅनमधले उरलेले रॉकेल पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवले जाते आणि तहानलेले मूल ती तोंडाला लावते. रॉकेल पातळ असल्याने घोटाबरोबर ते सहज श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते. अशा वेळी उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध काहीही पाजू नये. उलटीबरोबर रॉकेल पुन्हा फुप्फुसात जाऊ शकते. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८. मूल खेळताना दिसले तरी त्याला किमान सहा तास देखरेखीखाली ठेवावे लागते. खोकला, धाप, झापड ही धोक्याची लक्षणे.

तिसरा धोका पाण्याचा. गळलेले तेल मातीतून विहिरीपर्यंत झिरपते. पाण्याला तेलाचा वास आला तर ते पिऊ नये. उकळूनही ते पिण्याजोगे होत नाही.

मग करायचे काय? झाकण घट्ट लावून बॅरल उभे, सावलीत, चुलीपासून दूर ठेवावे. सांडलेल्या तेलावर वाळू किंवा माती टाकून ती भरून घ्यावी, पाण्याने धुऊन ओढ्यात सोडू नये. तेल विहिरीत, शेतात ओतू नये, जाळूही नये. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार असे टाकाऊ तेल अधिकृत पुनर्प्रक्रियाधारकाकडेच द्यायचे असते. त्यांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातून मिळू शकते. भंगारवाल्याला बॅरल देताना त्यात पूर्वी काय होते, हे आवर्जून सांगावे. कटर त्याच्याच हातात असणार आहे.