लंडनमधला लांबलेला वाढदिवस

आवडत्या लंडनमध्ये उन्हाळ्यात वाढदिवस साजरा करणाऱ्या मुंबईकराला घरून शुभेच्छांचा पहिला दूरध्वनी आदल्या सायंकाळी साडेसातलाच येतो. १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानले. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मात्र मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे केलेली असल्याने हे अंतर साडेचार तासांचे उरते. साहजिकच त्या दिवशी पहाटे मुंबईहून निघणाऱ्याचा वाढदिवस साडेअठ्ठावीस तासांचा होतो; परतीच्या प्रवासात तेवढेच तास वजा होतात. लंडनमध्ये रात्री आठला केक कापला, तर घरी साडेबारा वाजून तारीख उलटलेली असते. म्हणून वृद्ध आईवडिलांचे आशीर्वाद दुपारीच घेतलेले बरे.