व्हेनेझुएला कुणी बुडवला? तारखा काय सांगतात

निवडणूक जवळ आली की एक संदेश मोबाइलवर हमखास येतो. व्हेनेझुएला नावाचा एक श्रीमंत देश होता, सरकारनं लोकांना सगळं फुकट दिलं, लोक आळशी झाले आणि देश भिकेला लागला. आपलंही तेच होणार. याच्या उलटा संदेशही फिरतो: गरिबांचं सरकार छान चाललं होतं, अमेरिकेला ते पाहवलं नाही, तिनं निर्बंध लादून देशाचा गळा आवळला. पाठवणाऱ्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत आणि मूळ दुखणं दोन्हींतून निसटतं.

ते दुखणं साधं नव्हतं. 2013 नंतरच्या सात-आठ वर्षांत व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था जवळपास तीन चतुर्थांशानं आकसली. युद्ध न होता एखाद्या देशाची अशी घसरण आधुनिक इतिहासात क्वचितच सापडते. सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. कित्येक जण लेकरं कडेवर घेऊन कोलंबियातल्या अँडीजच्या थंडीतून पायी गेले. त्यांच्यावर काय ओढवलं याचं कारण सांगायचं तर ते नीट सांगायला हवं.

‘चावेझ येईपर्यंत सगळं उत्तम होतं’

1922च्या डिसेंबरात माराकायबो सरोवराकाठी काबिमासजवळची बारोसो नावाची विहीर फुटली. नऊ दिवस तेलाचं कारंजं उडत होतं आणि रोज अंदाजे एक लाख पिंपं तेल वाया जात होतं. तिथून पुढे हा कॉफी आणि कोको पिकवणारा देश तेलाचा देश झाला. 1973 नंतर भाव भडकले तेव्हा तर पैशाला पूरच आला. राजधानी काराकासचा मध्यमवर्ग खरेदीसाठी विमानानं मायामीला जायचा आणि दुकानात म्हणायचा, ‘स्वस्त आहे, दोन द्या.’ हे वाक्य तिथे त्या काळाची ओळख बनून राहिलं आहे.

तेलाचं राष्ट्रीयीकरणही याच काळातलं. अनेकांना वाटतं, ते 1998 मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष चावेझनं केलं. वास्तविक 1 जानेवारी 1976 रोजी कार्लोस आंद्रेस पेरेस यांच्या सरकारनं तेल उद्योग ताब्यात घेतला आणि ‘पेदेवेसा’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. चावेझ तेव्हा लष्करी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण अधिकारी होता. त्यानं 2007 मध्ये केलं ते वेगळं: ओरिनोको पट्ट्यातल्या प्रकल्पांत परदेशी कंपन्यांना बहुसंख्य हिस्सा सरकारला द्यायला लावला. एक्सॉन आणि कोनोको बाहेर पडल्या, शेव्हरॉन राहिली.

घसरण मात्र 1970च्या दशकाअखेरीसच सुरू झाली होती. 1970 मध्ये देश दिवसाला सुमारे 37 लाख पिंपं तेल काढत होता आणि लोकसंख्या होती सव्वा कोटीच्या आत. 1998 मध्ये उत्पादन 34 लाखांच्या आसपास आणि लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या वर. म्हणजे माणशी तेल निम्म्याहून खाली आलं होतं. त्यात 1980च्या दशकात भाव कोसळले. खर्च मात्र सुबत्तेच्या काळात वाढवलेला आणि कर्ज काढून टिकवलेला होता. वर्षानुवर्षं डॉलरला 4.30 असा टिकलेला बोलिव्हार या चलनाचा दर 18 फेब्रुवारी 1983 रोजी मोडला. व्हेनेझुएलात तो दिवस आजही ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो.

सहा वर्षांनी तेच पेरेस पुन्हा निवडून आले. जुने दिवस परत येतील म्हणून लोकांनी त्यांना मतं दिली होती. शपथविधी थाटात झाला आणि दोन आठवड्यांत त्यांनी नाणेनिधीच्या अटींची यादी वाचून दाखवली. पेट्रोल महागलं. 27 फेब्रुवारी 1989 च्या सकाळी ग्वारेनासहून राजधानीत कामाला निघालेल्यांना बसवाल्यांनी जाहीर झालेल्यापेक्षाही जास्त भाडं सांगितलं. महिनाअखेर, खिशात मोजके पैसे. वाद बसथांब्यावर सुरू झाला आणि दुपारपर्यंत काराकास पेटलं. लष्करानं गोळ्या झाडल्या. सरकारी आकडाच पावणेतीनशे मृतांचा आहे, खरा आकडा त्याहून बराच मोठा असल्याचं मानलं जातं. चावेझचा 1992 चा फसलेला उठाव आणि 1998 चा विजय या रागातून आला. चावेझनं घसरण सुरू केली असं म्हणणं म्हणजे परिणामाला कारण समजणं आहे.

‘फुकट वाटून देश बुडाला’

चावेझनं वाटप केलं, हे खरंच आहे. डोंगरउतारावरच्या झोपडवस्त्यांत क्युबाचे डॉक्टर आले, साक्षरतेचे वर्ग भरले, स्वस्त धान्याची दुकानं निघाली. तेल चढत होतं त्या दशकात गरिबीचं प्रमाण बऱ्याच अंशी उतरलं. त्या दवाखान्यांमुळे देश बुडाला, असं हिशेब सांगत नाहीत. मोठी भोकं दुसरीकडे होती. त्यांतून वाहून गेलेल्या पैशाचा मोठा वाटा गरिबाच्या हाती कधी पडलाच नाही.

पहिलं भोक म्हणजे चलनाचा दर. 2003 मध्ये डॉलरवर नियंत्रण आलं. डॉलर हवा असेल तर सरकारी कार्यालयात अर्ज करायचा. मंजूर झाला तर तो ठरलेल्या स्वस्त दरानं मिळायचा. 2013 मध्ये सरकारी दर 6.30 बोलिव्हार होता आणि काळ्या बाजारात त्याच डॉलरला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागत. मग आयात करण्यापेक्षा आयातीचा कागद बनवणं फायद्याचं झालं. कंपनी फक्त पत्त्यापुरती, पेट्या रिकाम्या, बिलं फुगवलेली. बनावट आयातदारांनी एका वर्षात सुमारे 20 अब्ज डॉलर लाटल्याचं 2013 मध्ये नियोजनमंत्री होर्हे जोर्दानी यांनीच सांगितलं. ते चावेझचे जुने, निष्ठावान सहकारी होते, विरोधक नव्हेत.

सामान्य माणूसही यात ओढला गेला. परदेशी जाणाऱ्याला क्रेडिट कार्डावर सरकारी दरानं ठरावीक डॉलर मिळत. लोक तिकीट काढायचे, लिमा किंवा कीटोत कार्ड घासून रोख डॉलर घ्यायचे आणि परत येऊन ते काळ्या बाजारात विकायचे. प्रवासाचा सगळा खर्च निघून वर कमाई व्हायची. विमानांची तिकिटं महिनोन्‌महिने मिळेनाशी झाली, आणि तरी काही विमानांत रिकाम्या जागा दिसत, कारण काही जण तिकीट काढून स्वतः जातच नसत. फक्त कार्ड पाठवायचे. मला हे चित्र फार बोलकं वाटतं. यात लोक आळशी झालेले दिसत नाहीत. सरकारी दरानं ज्या कामाला सर्वांत जास्त मोबदला दिला, ते काम त्यांनी केलं.

दुसरं भोक पेट्रोलचं. लिटरला 0.097 बोलिव्हार हा दर 1990च्या दशकाच्या शेवटापासून 2016 पर्यंत हलला नाही. चलन कोसळल्यावर काळ्या बाजाराच्या हिशेबानं एका डॉलरमध्ये हजारो लिटर पेट्रोल येऊ लागलं. कोलंबियाच्या सरहद्दीवर कुकुता शहराच्या रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या कॅनमधून तेच पेट्रोल उघड विकलं जाई. या सवलतीचा बोजा वर्षाला 12 अब्ज डॉलरच्या वर असल्याचं सरकारच सांगत होतं. आणि ज्याच्याकडे गाडी, त्याला सवलत; झोपडीत राहणाऱ्याला तिचा उपयोग काय? ती काढायची हिंमत मात्र कुणाला होईना, कारण 1989 ची आठवण ताजी होती.

म्हणून लाडकी बहीणसारख्या योजनेवर बोलताना व्हेनेझुएलाचा दाखला चालत नाही. महिना 1,500 रुपये महाराष्ट्राच्या तिजोरीला झेपतात का, त्यासाठी कोणता खर्च कापला जातो, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते राज्याच्या अर्थसंकल्पावरूनच विचारावेत. व्हेनेझुएलाची निर्यात नव्वद टक्क्यांहून जास्त तेलाची होती. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणतो. दोन देशांचं दुखणं एक नाही.

‘भावच पडले, सरकार काय करणार?’

2014 च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल 2016 च्या जानेवारीत तिशीच्या खाली आलं. सौदी अरेबिया, नायजेरिया, अंगोला, इक्वेडोर सगळ्यांनाच फटका बसला, पण तीन चतुर्थांश अर्थव्यवस्था यांपैकी कुणाची गेली नाही. व्हेनेझुएला या मंदीत शिरला तोच कर्जात बुडून. भाव शंभरावर असतानाही तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपुढे गेली होती आणि चीनकडून घेतलेलं कर्ज तेलानं फेडायचं होतं. उरलेली तूट नोटा छापून भरली. 2018 ची महागाई केंद्रीय बँकेच्याच आकड्यानुसार 1,30,000 टक्क्यांच्या वर होती.

भाव सरकारच्या हाती नसतो, पण उत्पादन बरंच असतं. डिसेंबर 2002 मध्ये पेदेवेसाच्या अधिकाऱ्यांनी आणि कामगारांनी चावेझला खाली खेचण्यासाठी संप केला. तो राजकीय संप होता यात वाद नको; त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन दिवसांचं सत्तांतरही होऊन गेलं होतं. संप मोडल्यावर चावेझनं सुमारे 18,000 जणांना काढलं. भूगर्भतज्ज्ञ, विहिरींवरचे अभियंते, शुद्धीकरणातले जाणते लोक एका झटक्यात गेले. त्यातले कितीतरी जण पुढे कोलंबियाच्या आणि कॅनडाच्या तेलक्षेत्रांत कामाला लागले. इकडे कंपनीवर धान्यवाटपाचंही काम आलं. 2010 मध्ये तिच्या उपकंपनीनं मागवलेलं हजारो टन अन्न बंदरांवर कंटेनरमध्ये सडलेलं सापडलं.

‘जगातला सर्वांत मोठा साठा’ हे बिरुदही इथेच तपासून पाहावं. 300 अब्ज पिंपांचा तो आकडा मुख्यतः ओरिनोको पट्ट्यातल्या अतिजड तेलाचा आहे. ते डांबरासारखं घट्ट असतं. नाफ्था किंवा हलकं तेल मिसळल्याशिवाय नळातून वाहत नाही. ते काढायला भांडवल लागतं, कसब लागतं आणि अनेक वर्षांची सलग देखभाल लागते. नेमक्या याच तीन गोष्टी देशानं गमावल्या होत्या.

‘सगळं निर्बंधांमुळे’

2015 मध्ये ओबामांनी घातलेले निर्बंध काही अधिकाऱ्यांपुरते होते. देशाला कर्ज मिळण्याची वाट अमेरिकेनं बंद केली ती ऑगस्ट 2017 मध्ये आणि पेदेवेसावर थेट घाव घातला तो 28 जानेवारी 2019 रोजी. ऑगस्ट 2017 येईपर्यंत दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या, रुग्णालयांत प्रतिजैविकं मिळत नव्हती, अर्थव्यवस्था तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घटली होती. निर्बंधांनी ही पडझड सुरू केली नाही, तारखाच तसं सांगतात.

पण म्हणून निर्बंध निरुपद्रवी होते असं म्हणणारे तितकेच चुकतात. आजारी माणसाचं औषध तोडणं हा काही लहान गुन्हा नव्हे. 2017 नंतर कर्जाची फेररचना अशक्य झाली, सुटे भाग आणि मिश्रणाचा नाफ्था मिळेना. 2019 च्या सुरुवातीला अकरा-बारा लाख पिंपांवर असलेलं उत्पादन 2020 च्या मध्यात चार लाखांच्या खाली गेलं. तेलाशिवाय डॉलर नाही आणि डॉलरशिवाय औषध नाही, अशा देशात याचा अर्थ काय होतो ते वॉशिंग्टनला ठाऊक होतं. यातला किती वाटा निर्बंधांचा आणि किती, त्याच 2017 च्या नोव्हेंबरात पेदेवेसावर तेलाचा अनुभव नसलेला लष्करी जनरल नेमण्याचा, यावर अर्थतज्ज्ञांत अजून वाद आहे.

चावेझनंतर आलेल्या मादुरो सरकारनं या खऱ्या घावाचा उपयोग प्रत्येक अपयश झाकायला केला. 7 मार्च 2019 रोजी सबंध देश काळोखात गेला आणि काही भागांत वीज कित्येक दिवस आली नाही. सरकारनं अमेरिकेच्या सायबर हल्ल्याचं नाव घेतलं. अभियंत्यांनी गुरी धरणाकडून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांखालच्या, न कापलेल्या झुडपांना लागलेल्या आगीकडे बोट दाखवलं. देशाची बहुतेक वीज त्याच एका धरणातून येत होती आणि देखभाल अनेक वर्षं टळली होती.

या सगळ्याशी आपलाही संबंध होता: रोख पैसे देऊन व्हेनेझुएलाचं तेल घेणारं मोठं गिऱ्हाईक आपण होतो. रिलायन्सचा जामनगरचा कारखाना जड तेल शुद्ध करायलाच बांधलेला. ओएनजीसी विदेशचा सान क्रिस्तोबाल क्षेत्रात 40 टक्के हिस्सा आहे आणि तिथला लाभांश वर्षानुवर्षं अडकून पडला. म्हणजे या पडझडीची झळ भारतीय सरकारी पैशालाही बसली.

‘तेल हा शापच’

आर्तुरो उस्लार पिएत्री या लेखकानं 1936 मध्येच सांगितलं होतं की तेलाचा पैसा शेतीत आणि उद्योगांत पेरा. ओपेकचे एक संस्थापक हुआन पाब्लो पेरेस आल्फोन्सो 1970च्या दशकात, ऐन सुबत्तेत, या पैशाला सैतानाची घाण म्हणत होते. इशारा देणारे होते आणि उपायही माहीत होता. नॉर्वेनं 1990 मध्ये कायदा करून तेलाचा पैसा वेगळ्या निधीत टाकायचं ठरवलं.

असा निधी व्हेनेझुएलात टिकला नाही याचं कारण राजकारणात आहे. डॅनिएला कॅम्पेल्लो आणि सेझार झुको या ब्राझीलमधल्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी दाखवलं की कच्चा माल विकून जगणाऱ्या दक्षिण अमेरिकी देशांत राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून येणार की नाही, हे निर्यात मालाचे भाव आणि अमेरिकेतले व्याजदर पाहूनच बऱ्यापैकी सांगता येतं. सत्तेवरचा माणूस काय करतो याला त्यात फारसं वजन नसतं. भाव चढला की लोक त्याला श्रेय देतात आणि पडला की शिव्या. मग पुढच्या माणसासाठी पैसा राखून ठेवण्यात त्याला काय लाभ?

बचतीचा निधी व्हेनेझुएलानंही 1998 मध्ये, चावेझच्या आधी, कायद्यानं उभा केला होता. 2001 मध्ये त्यात सात अब्ज डॉलरच्या आसपास जमा होते. नंतर नियम पुन्हा पुन्हा बदलले गेले, पैसा काढला गेला, आणि 2005 पासून जादा उत्पन्न राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीनं खर्च होणाऱ्या दुसऱ्याच एका निधीत जाऊ लागलं. जुलै 2008 मध्ये तेलानं 147 डॉलरचा उच्चांक गाठला, तेव्हा बचतीच्या त्या मूळ निधीत एक अब्ज डॉलरही नव्हते.