पाटीवरची किंमत आणि घाटातली गाडी

ऊसबिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की घरोघरी दोन विषय निघतात. एक लग्नाचा, दुसरा गाडीचा. लग्नाचा विषय थोरली माणसे काढतात, गाडीचा पोरे काढतात. कोणती गाडी किती पळते, कोणत्या कंपनीने काय नवे काढले, कोणाची किंमत किती उतरली, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. चावडीवर पूर्वी बैलजोडीची चर्चा चाले, तशी आता गाड्यांची चालते. फरक एवढाच, की बैल घेताना आपले वडील दात पाहात, खुरे पाहात, चार पावले चालवून बघत. शिंगे रंगवलेली आहेत म्हणून कोणी इसार देत नसे. गाडीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा रंगवलेल्या शिंगांवरच सौदा होतो. म्हणून सभासद बंधुभगिनींसाठी हा विषय घ्यावा असे आम्हांस वाटले.

पारख शिकायची तर रत्नागिरीचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवावा. आपल्या घाटावरच्या गाड्या गूळ, साखर, भाजीपाला घेऊन आंबा घाटाने खाली उतरतात आणि साखरपा, पाली, हातखंबा करीत रत्नागिरीत पोचतात. कोल्हापूरपासून हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर येथे देवदर्शनाला जाणारी कुटुंबेही याच वाटेने जातात. घाटातली वळणे, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्राचा खारा वारा, या तिन्हींतून गाडीला जावे लागते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या चांगल्या. घाटात मात्र एकेकीचे खरे रूप कळते.

नाव कसे होते

रत्नागिरीचा बागायतदार आंब्याच्या पेट्या 'टेम्पो'त घालतो, आपणही भाजी 'टेम्पो'त घालतो. हा शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचा. त्या कंपनीशी करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि तीनचाकी मालगाडी आणली. पुढे मॅटॅडोर आली. २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही. आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी असो, ती टेम्पोच. जीपचेही तसेच झाले.

साखरधंद्याचा आणि मोटारधंद्याचा संबंधही जुना आहे. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर कारखाने काढणाऱ्या याच उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाली. त्या काळी चर्चा लहान असे. अँबॅसिडर की फियाट, एवढाच प्रश्न. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. गिऱ्हाईकच रांगेत उभे असल्यावर कंपनीला डावपेच कशाला हवेत?

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पन्नास हजारांच्या आसपास किमतीची, आणि चित्र पालटले. मारुतीने दोन गोष्टी ओळखल्या. गाडी स्वस्तात चालली पाहिजे आणि दुरुस्ती घराजवळ झाली पाहिजे. नुसती गाडी विकून भागत नाही, तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे, हे ज्याला कळले त्याचे नाव खेड्यापर्यंत पोचले.

टाटांच्या दोन गाड्यांची गोष्टही बोधप्रद आहे. २००५ साली त्यांनी एस ही लहान मालगाडी सुमारे सव्वादोन लाखांना आणली. तीनचाकी रिक्षाला झेपत नाही आणि मोठा ट्रक परवडत नाही, अशा मधल्या माणसासाठी ती होती. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. चार वर्षांनी, २००९ मध्ये, एक लाखाची नॅनो आली. हेतू चांगला होता, स्कूटरवर चौघे बसणाऱ्या कुटुंबाला छप्पर मिळावे हा. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिला भोवला. तसा तिचा प्रचार होणे ही चूकच झाली, असे रतन टाटा यांनीही पुढे मान्य केले. दारात गाडी उभी करणाऱ्याला ती स्वस्त हवी असते, पण स्वस्तातली म्हणून ओळखली जायला नको असते. हत्ती पोटासाठी घेतला जातो, तेथे अब्रूचा प्रश्न येत नाही. कंपन्या माणसाचा हा स्वभाव आपल्यापेक्षा चांगला ओळखतात.

चार मीटरची मेख

आता किमतीकडे वळू. आजकालच्या पुष्कळ गाड्यांचा मागचा भाग कापल्यासारखा का दिसतो, असे पोरांना विचारून बघा. उत्तर कारागिराकडे नाही, कर खात्याकडे आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी, की पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत असावे. झाले, कंपन्यांनी गाड्या पट्टीने मोजून कापल्या. हीच रेघ पुढे जीएसटीतही राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीला ४० टक्के जीएसटी झाला. विजेच्या गाडीला ५ टक्के आहे. त्याच दिवशी मालवाहू गाड्यांवरचा कर २८ वरून १८ वर आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे दोन गाड्यांच्या किमतीत जे अंतर दिसते, ते सगळे लोखंडाचे नसते. त्यात कराचाही मोठा वाटा असतो.

पाटीवरची 'सुरुवातीची किंमत' हा दुसरा डाव. ती सर्वांत साध्या प्रकाराची असते. आपण ती पाहून आत जातो आणि बाहेर पडताना वरच्या प्रकाराचा आकडा बोलत असतो. शिवाय ती शोरूममधली किंमत. आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली तर आपल्या राज्यात ११ टक्क्यांप्रमाणे सुमारे ८८ हजार रस्ता कर लागतो. डिझेलला तो १३ टक्के आहे. त्यावर विमा आला, त्यात तिऱ्हाईताचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. म्हणून तुलना करायची तर रस्त्यावर येईपर्यंतच्या पूर्ण रकमेची करावी.

जीव किती मोलाचा

२०१४ च्या जानेवारीत एका आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्या आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. तोवर आपण फक्त 'किती देती?' एवढेच विचारीत होतो, म्हणून कंपन्याही तेवढेच देत होत्या. २०१८ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि टाटांनी सुरक्षितता हीच आपली ओळख केली. मायलेजवर नाव कमावलेल्या मारुतीच्या डिझायरनेही २०२४ मध्ये पाच तारे मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीच भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. गिऱ्हाईकाने प्रश्न बदलला की कंपनीचे उत्तर बदलते, हे यातून दिसते. धुक्यात आंबा घाट उतरताना मागे लेकरेबाळे बसलेली असतात. दहा-वीस हजार वाचवण्यासाठी तेथे हात आखडू नये.

पावसाचेही ध्यानात असू द्या. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी भरले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. बुडालेली गाडी सुरू करून बघण्याचा मोह आवरावा. पाणी इंजिनात ओढले गेले की ते निकामी होते, आणि इंजिनाचे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर साध्या विम्यातून ती भरपाई बहुधा मिळत नाही. गाडी तशीच ढकलून गॅरेजला न्यावी. खाऱ्या हवेत वारंवार जाणाऱ्याने खालचा पत्रा धुऊन घ्यावा आणि गंजरोधक लेप द्यावा.

इंधन आणि आपला ऊस

आता जरा आपल्या घरचा विषय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. त्यात मक्याचा वाटा वाढला असला तरी उसाचाही आहेच. आपण इथेनॉल विकणारेही आहोत आणि गाडीत भरणारेही आहोत, तेव्हा खरे काय ते बोलले पाहिजे. लिटरामागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. त्यामुळे मायलेज थोडे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या घडणीच्या चारचाकीत ६-७ टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाडीत १-२ टक्के घट सांगितली आहे. लिटरला १८ किलोमीटर देणारी जुनी गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरवली, तर तीन-चार लिटर जादा लागतील. हा खर्च लपवून इथेनॉलची बाजू मांडता येणार नाही. नवी गाडी घेणाऱ्याने ती २० टक्के मिश्रणासाठी बनलेली आहे का, हे पुस्तिकेत वाचूनच घ्यावे. जुनी घेणाऱ्याने रबरी नळ्या आणि वॉशर मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

सीएनजीचा हिशेब असाच पाटीवर करून बघा. धरून चला, गाडीला ९० हजार जास्त पडले आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचले. मग ४५ हजार किलोमीटर झाल्यावर पैसे फिटले. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे अडीच वर्षांत फिटतील, पाचशे फिरणाऱ्याला साडेसात वर्षे लागतील. म्हणजे एकाला शहाणपणाची ठरणारी गाडी शेजाऱ्याला तोट्याची ठरते. टाकीने डिकी व्यापते ही तक्रार ऐकून टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या. पण आपल्या वाटेवर पंप कोठे आहेत, घाट चढण्याआधी गॅस मिळतो का, हे आपले आपणच पाहावे.

हप्ता बारमाही, बिल हंगामी

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. बँकेचे कर्ज सात वर्षांचे घेतले की मासिक हप्ता लहान दिसतो, आणि विकणारा तोच आकडा पुढे करतो. आठ लाख रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,९०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ८१ हजार. तेच पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. दोन वर्षांच्या सवलतीसाठी ८५ हजार जातात. नोकरदाराला दरमहा पगार असतो. आपले तसे नाही. ऊसबिल हंगामात येते, बँकेचा हप्ता मात्र लागण असो, खोडवा असो वा दुष्काळ असो, दर महिन्याला दार ठोठावतो. एका वर्षी ऊस कमी पडला तर दारातली गाडी लक्ष्मी न राहता सावकार होते.

तेव्हा मंडळी, पोरांच्या हौसेला आमचा विरोध नाही. त्यांनी गाड्यांची तुलना अवश्य करावी. फक्त त्यांच्यापुढे वहीचे एक कोरे पान ठेवा आणि लिहायला सांगा : महिन्याचे किलोमीटर, ओझे किती, माणसे किती, जवळचे वर्कशॉप किती मैलांवर, पूर्ण किंमत किती आणि एक हंगाम वाया गेला तर हप्ता कोठून भरणार. हे पान भरल्यावर ज्या गाडीचे नाव उरेल ती आपली. मग सगळे घर तिच्यात बसवून, घाटाचा एखादा चढ चढवून पाहा, आणि त्यानंतरच इसार द्या.