आतूनच मार खाणारे स्फटिक

मंगळावर २०१२ साली उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीची वीज ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइडच्या उष्णतेतून तयार होते. बाहेरून कुणी हात लावला नाही, तरी हे ऑक्साइड सतत मार खात असते, आणि तोही स्वतःचाच.

त्यातल्या प्लुटोनियम-२३८चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे. प्रत्येक ऱ्हासात अल्फा कण एकीकडे सुटतो आणि उरलेले युरेनियमचे केंद्र उलट दिशेला फेकले जाते. गोळी सुटताना बंदुकीचा दस्ता खांद्यावर आदळतो तसे. जवळजवळ सगळी ऊर्जा अल्फा कणाकडे जाते, मोडतोड मात्र मुख्यतः युरेनियम करते. हलका अल्फा कण मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे अंतर कापतो आणि वाटेत बहुतेक ऊर्जा इलेक्ट्रॉनांना वाटून टाकतो. जड केंद्र साधारण वीस नॅनोमीटरमध्येच अडते. पण तेवढ्यात हजाराहून अधिक अणू जागेवरून हलवते.

तरीही प्लुटोनियम डायऑक्साइड स्फटिकच राहते. त्यातल्या अणूंचे जाळे सुमारे ०.३ टक्के ताणते आणि तिथेच थांबते, कारण हललेले बहुतेक अणू लगेच परत जागा धरतात. तापवले तर ताणही उतरतो. अल्फा कणांपासून बनणारा हेलियम मात्र साठत जातो. म्हणून इंधनाच्या इरिडियमच्या कवचात तो बाहेर पडायला वाट ठेवलेली असते.

झिरकॉन या खनिजाला ही सावरण्याची कला साधत नाही. श्रीलंकेतल्या काही प्राचीन झिरकॉनमध्ये युरेनियम-थोरियमच्या माऱ्याने स्फटिकरचना पार विस्कटली आहे, आकारमानही १८ टक्क्यांपर्यंत फुगले आहे. प्लुटोनियमचा कचरा अशाच खनिजात कोंडावा, असा विचार बरीच वर्षे होता. २००७ साली फर्नन, चो आणि वेबर यांनी मोजले, तर एका ऱ्हासात सुमारे ५,००० अणू हलत होते. प्लुटोनियम-२३९ भरलेला झिरकॉन १,४०० वर्षांतच विस्कटेल, असा त्यांचा हिशेब निघाला. या प्लुटोनियमचे अर्धायुष्य आहे २४,१०० वर्षे!

म्हणूनच असा कचरा कोंडण्यासाठी गॅडोलिनियम झिरकोनेटकडे आशेने पाहिले जाते. त्यात गॅडोलिनियम आणि झिरकोनियम एकमेकांच्या जागी सहज बसतात, त्यामुळे अदलाबदल झाली तरी जाळे टिकते. झिरकोनियमऐवजी टायटॅनियम घातले, की तीच रचना माऱ्यापुढे कोलमडते.

तारापूर आणि तुर्भे इथे मात्र अणुकचरा स्फटिकात नव्हे, काचेत मुरवतात. काचेत विस्कटायला असे जाळे मुळातच नसते. तिथला मुख्य प्रश्न वेगळा आहे: हजारो वर्षे पाण्याच्या संपर्कात राहून ती किती झिजेल?