‘एक ग्रॅम’च्या ठुशीत सोनं किती? माल भरण्याआधी हे वाचा



इमिटेशन ज्वेलरीचा धंदा घरातून सुरू करता येतो का, तर येतो. पाच-दहा हजारांचा माल घेऊनही येतो. पण माल भरण्याआधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उद्या गिऱ्हाईकाने ठुशी हातात घेऊन विचारलं, “ताई, एक ग्रॅमची म्हणताय, म्हणजे यात एक ग्रॅम सोनं आहे ना?” तर काय सांगाल?

सरळ “हो” म्हणून टाकू नका. आधी हिशोब करू. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा, दागिन्याचा सगळा पृष्ठभाग मिळून 50 चौरस सेंटिमीटर भरला. त्यावर 1 मायक्रॉन शुद्ध सोनं चढवायला साधारण 97 मिलिग्रॅम सोनं लागतं. म्हणजे ग्रॅमचा दहावा भागसुद्धा नाही! आणि स्वस्त मालावर थर याहून कितीतरी पातळ असतो. थर 0.1 मायक्रॉनचा असेल, तर सोनं उरलं जेमतेम 10 मिलिग्रॅम. खरोखर एक ग्रॅम चढवायचं म्हटलं तर थर दहा मायक्रॉनचा लागेल, आणि मग ती ठुशी तीनशे रुपयांत कोण देईल? ‘एक ग्रॅम’ हे बाजारात रुळलेलं नाव आहे, वजन नाही.

म्हणून भुलेश्वरला जा नाहीतर ऑनलाइन होलसेलरकडून मागवा, पहिला प्रश्न डिझाइनचा नको. आत काय आहे ते विचारा. बेस पितळेचा, तांब्याचा की आणखी कशाचा? खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ-तांबं चिकटत नाही, लोखंड लगेच चिकटतं. (दुकानदार हसला तर हसू द्या.) दुसरा प्रश्न, मुलामा किती मायक्रॉनचा, आणि वर लॅकरचं कोटिंग आहे का? तिसरा प्रश्न, मुलाम्याखाली निकेल आहे का? कारण निकेलमुळे काहींच्या कानाला, गळ्याला खाज येते, पुरळ उठतं. अशा गिऱ्हाईकाला झुमके देताना आधीच सांगितलेलं बरं. मुलामा झिजून तांबं उघडं पडलं की घामाने त्वचेवर हिरवट डाग पडतो. तो साबणाने जातो, पण गिऱ्हाईक घाबरतं.

आता रंग. रंगावरून धातू ओळखायला गेलात तर फसाल. रोझ गोल्डचा गुलाबीपणा सोन्यात मिसळलेल्या तांब्यामुळे येतो. पांढरी चकाकी बऱ्याचदा रोडियमची असते. एकाच पितळी साच्यातले तीन झुमके पिवळे, गुलाबी आणि पांढरे करता येतात. नवरात्रात हातोहात खपणारे ऑक्सिडाइज्ड दागिने मुद्दाम काळपट केलेले असतात, तो काही जुनेपणा नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘जर्मन सिल्व्हर’ने. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. हुपरीहून आणलेल्या चांदीच्या पैंजणांशेजारी तो मांडलात, तर दोन्हींवर वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावा. 925 हा आकडा 92.5 टक्के चांदीसाठी असतो, नुसतं चांदीचं पाणी दिलेल्या मालासाठी नाही. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडीही मुलाम्याच्या दागिन्याला मिळत नाही. तसं कोणी दाखवत असेल तर तो माल घेऊच नका.

तुमची पहिली गिऱ्हाइकं कोण असतात? जाऊबाई, शेजारीण, बचत गटातल्या मैत्रिणी. ठुशी दोन महिन्यांत काळी पडली की त्या ग्राहक आयोगात जात नाहीत, पुढच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर बोलतात. म्हणून नवीन माल आला की त्यातला एक नग घरात कोणाला तरी पंधरा दिवस रोज घालायला द्या. घाम, स्वयंपाक, अत्तर, सगळं होऊ द्या. तो कसा टिकतो ते बघूनच “किती दिवस राहील?” याचं उत्तर ठरवा, आणि होलसेलरची ‘सहा महिने गॅरंटी’ स्वतःच्या तोंडून देऊ नका.

बिलावर मी असं लिहायला सांगतो: “पितळी ठुशी, सोन्याचा मुलामा. पाणी व परफ्यूमपासून जपा. री-पॉलिश करून मिळेल, खर्च वेगळा.” ही शेवटची ओळ मात्र पॉलिशवाल्याशी दर ठरवल्यावरच लिहा.